चूक, पुन्हा वाच

दुपारी चहा टाकून ग्वेनिथनं नेहमीसारखा स्कॅनर लावला. रेल्वेवाल्यांचं वायरलेसवरचं बोलणं त्यावर ऐकू येई. आपल्याला मात्र त्यांच्याशी बोलता येत नसे. शेजारचा क्लॅरी, तोही याच नादातला, बिस्किटांचा डबा घेऊन आला.

"तुझा चहा अगदी मालगाडीसारखा. येतो, पण कधी ते विचारू नये."

बाहेर शेहेचाळीस डिग्री ऊन होतं. छपराचा पत्रा तापून तडतडत होता.

ग्वेनिथची लेक टॅम्सिन मालगाडी घेऊन बिरूना साइडिंगला, बाजूच्या रुळावर उभी होती. कंट्रोलरनं तिला पुढे निघायचा हुकूम सांगितला. ड्रायव्हरनं तो शब्दन्‌शब्द परत वाचायचा आणि कंट्रोलरनं "बरोबर" म्हटल्याशिवाय चाक हलवायचं नाही, हा नियम. ग्वेनिथचा नवरा हेडली कंट्रोलर होता. तीस वर्षांत त्यानं एकदाही घाईनं "बरोबर" म्हटलं नाही. ड्रायव्हर वैतागत, शिव्या घालत; पण त्याच्या पाळीत सगळे घरी पोचत.

टॅम्सिननं हुकूम वाचला. एकाएकी खरखर वाढली, आणि त्या खरखरीतून एक संथ आवाज आला...

"चूक. पुन्हा वाच."

क्लॅरीचं बिस्किट चहात पडलं. "ग्वेन, हा तर..."

"गप्प बस," ती पुटपुटली. हेडलीला जाऊन सहा वर्षं झाली होती.

टॅम्सिननं पुन्हा वाचलं.

"चूक. पुन्हा वाच."

असं पाच वेळा. पोरीचा आवाज कापायला लागला, पण गाडी जागची हलली नाही. मग खरखर विरली आणि आजचा कंट्रोलर ओरडला, "हुकूम रद्द! पुढे उन्हानं रूळ वाकलाय!"

ग्वेनिथ ओट्याला टेकली. डोळे भरून आले होते. "पाळी सोडली नाही बघ माझ्या माणसानं."

क्लॅरीनं स्कॅनर बंद केला, सेल काढून टेबलावर ठेवले. "बास आजच्याला."

संध्याकाळी टॅम्सिनचा फोन आला. "आई, कंट्रोलर शपथेवर सांगतोय, तो पहिल्याच वेळी 'बरोबर' म्हणाला. मला मात्र बाबा..." ती थांबली. "जाऊ दे. बदली ड्रायव्हर आलाय. त्याची जीप घेऊन जुन्या रस्त्यानं निघते. आठपर्यंत घरी पोचते."

टेबलावर सेल तसेच पडले होते. रिकाम्या स्कॅनरमधून, या वेळी खरखरीशिवाय, आवाज आला...

"चूक. पुन्हा वाच."

ग्वेनिथनं फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"टॅम्सिन... चाक हलवू नकोस."