लांबी

रिक्षाचं पुढचं मडगार्ड चाकाला घासायला लागलं, तसं बन्सीनं रिक्षा सरळ बजाजनगरच्या एका डेंटिंगच्या गॅरेजात घुसवली. मागं सवारी बसलीय, तिला विचारावं? छे! "ताई, दहा मिनटं," म्हणाला आणि चहाला पसार.

सवारी म्हणजे विशाखा वाहुळ. एम.एस्सी. गणित, दुसरं वर्ष. मांडीवर वक्र आणि पृष्ठभागांच्या भूमितीचं पुस्तक, बारा वाजता विद्यापीठात सेमिनार. सरांनी वर्षभर पिवळी वही वाचून दाखवली होती. पान उलटलं की तास पुढं सरकला, एवढंच शिकवणं. म्हणून ती स्वतःच स्वतःला शिकवत होती... मोठ्यानं, मराठीत.

"पत्रा न ताणता वाकवला, तर त्यावरची लांबी बदलत नाही—"

"लांबी आपण वापरतच नाय, मॅडम."

आवाज खालून आला. मडगार्डापाशी एक पोरगा उकिडवा बसला होता. हातात हातोडी, गालावर काळा पट्टा.

"काय वापरत नाही?"

"लांबी. पोचा पडला की बाकीचे त्यात लांबी थापतेत, घासतेत, वरून रंग मारतेत. पोचा तसाच आत. आपण पत्रा जाग्यावर आणतो."

विशाखाला हसू आवरेना. "अहो, मी लांबी-रुंदीतली लांबी म्हणतेय!"

"मंग तसं बोला की." तो जरा लाजला, पण हटला नाही. "तरी बरोबर हाय तुमचं. कागदाची सुरळी व्हते, पण चेंडूला कागद बसवून दाखवा. चुण्या पडणारच."

तिचं हसू थांबलं. महिनाभर ज्या प्रमेयावर ती डोकं आपटत होती, ते हा बसल्या जागी बोलून गेला होता.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"मार खाल्लेल्या पत्र्यानं."

त्यानं मडगार्डावर अंगठा दाबला. टक्... सोडला. टुक्. "बघा, हितं पत्रा वाढलाय. ताणला गेला. आता कितीबी ठोका, फुगा राहणारच." मग त्यानं तेवढीच जागा गॅसनं लाल केली, वर ओलं फडकं दाबलं— चर्रर्र! आणि डोळे मिटून तळवा फिरवला. हळू, एकदा, पुन्हा एकदा. विशाखा त्या तळव्याकडं बघत बसली. भूमितीला लागतं त्याहून जरा जास्तच वेळ.

सेमिनारात तिनं वाढलेला पत्रा सांगितला. सरांनी विचारलं, "संदर्भ कुठला?"

"शिवम," ती म्हणाली. नाव तिनं निघताना विचारून घेतलं होतं.

पुढच्या बुधवारी ती पुन्हा गॅरेजात. "खोगिरासारखा एक पत्रा ठोकून द्या. भूमितीला हवाय."

"घोडा कुठाय?"

"हा काय, समोर उभाय."

तिथून 'तुम्ही'चं 'तू' व्हायला तीन बुधवार लागले. धूळ खात पडलेल्या एका बॉनेटवर तिनं त्याला वक्रता शिकवली. त्याचं बोट धरून वळण काढलं, मग त्या वळणाला आतून चिकटून बसणारं वर्तुळ. "वळण जेवढं तीव्र, तेवढं हे वर्तुळ लहान. कळलं?"

"नाय. परत दाखव."

कळलं होतं त्याला. तिलाही कळलं, की त्याला कळलंय... परत दाखवलं.

मग डिसेंबरात एका दुपारी पिशोरहून त्याच्या आईचा फोन आला. आशाबाईंना पोराच्या आवाजावरून वास लागला होता. तो विशाखाच्या समोरच बोलला. "व्हय, आई... विशाखा. लई शिकलेली हाय... आडनाव? जाधव."

फोन ठेवला. विशाखानं विचारलं, "जाधव कोण?"

"अगं, जाधव समद्यातच असतेत. म्हणून—"

"तुमच्यातही असतात, आमच्या बौद्धांतही असतात. म्हणूनच ना?"

"आधी तू आवडू दे तिला. मंग सांगू हळूहळू..."

प्रेमात पडलं की जात दिसत नाही, असं लोक सांगतात. साफ खोटं. चांगली ठळक दिसते, म्हणून तर लपवतात.

"लांबी भरलीस तू," विशाखा म्हणाली. आवाज चढला नाही. "माझ्या नावाला पोचा नाही पडलेला, शिवम. भरायला काय निघालास?"

तिनं पर्स खांद्याला लावली.

"जाधव म्हणून मी तुझ्या घरात पाऊल टाकणार नाही. वाहुळ चालत असेल तर आत्ता सांग तिला. नाहीतर हा बुधवार शेवटचा."

त्यानं हात पुसले. पुन्हा पुसले. मग फोन लावला, स्पीकरवर.

"आई, मघाशी आडनाव चुकीचं सांगितलं."

"खोटं," विशाखा म्हणाली.

"...खोटं सांगितलं. वाहुळ हाय ती. बौद्ध हाय. आन मला तीच पाहिजे."

पलीकडं कडबाकुट्टीचा आवाज चालू होता. तो बंद झाला.

"बापाला म्हाईतेय तुझ्या?"

"नाय."

"मंग मला कशाला आधी सांगितलं रं, मुडद्या..." आणि फोन कट.

शिवम फोनकडं बघत राहिला. "कापला तिनं."

"ऐकून कापला ना?"

"व्हय."

"मग ऐकलंय तिनं."

"रयवारी जातो. बापाच्या तोंडावर सांगतो. मार पडंल."

"कुणाला?"

"मला. आनखी कुणाला?"

"मग मी येते. सोडवायला कुणीतरी लागेलच." तिनं पर्स खाली ठेवली. "आणि ते 'तीच पाहिजे'... आईला सांगितलंस. मला अजून सांगितलं नाहीस."

त्यानं सांगितलं. शेजारी ग्राइंडर चालू होता, म्हणून ओरडून सांगावं लागलं. नेमका ग्राइंडर मधेच थांबला आणि अख्ख्या गॅरेजानं ऐकलं.

रविवारी सकाळी पिशोरच्या एसटीत दोघं एकाच बाकावर बसली. कंडक्टरनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "येगयेगळे का सोबत?"

शिवमनं तोंड उघडायच्या आत विशाखा म्हणाली, "सोबत. एक फुल, एक हाफ."