जाणती चाकं

चाफ्याच्या खिंडीखाली पक्की सडक संपते. तिथे पोचल्यावर केतकी थोरात सवयीने गाडीतून उतरली, हवा मोजायचा काटा हातात घेतला आणि पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवी बसली. तोवर चाकाने आपली हवा आपणच उतरवली होती. एक लांब सुस्कारा, मग दुसऱ्या चाकाचा, मग मागच्या दोघांचा. गाडीतल्या पडद्यावर आकडा आला, अठरा. केतकीने मनात धरलेला आकडाही अठराच होता. बावीस वर्षं दगडधोंड्यांतून गाड्या हाकून जे शहाणपण तिने कमावलं, ते या रबरी कड्यांनी आठ महिन्यांत शिकून घेतलं होतं, आणि त्याचा तिला अजूनही थोडा राग यायचा.

त्यांना सगळे ‘जाणती चाकं’ म्हणत. रबरात केसाएवढे बारीक संवेदक तंतू विणलेले असत. जमीन टणक आहे की भुसभुशीत, कोरडी आहे की ओली, चार पुरुष खोलीवर पाणी आहे की नुसता कातळ, हे सगळं त्या तंतूंना चाकाच्या एका फेऱ्यात कळे. त्याप्रमाणे चाक हवा कमी-जास्त करी आणि पुढच्या वाटेवर पडद्यात हिरवा, पिवळा किंवा तांबडा पट्टा उमटवी. चाक चुकलं आणि चालकाने त्याचं न ऐकता गाडी सुखरूप पार नेली, तर चाक निमूटपणे आपलं मत बदले. हा गुण बऱ्याच माणसांत नसतो. आणि एका गाडीने शिकलेला धडा बाकीच्या गाड्यांच्या जाणत्या चाकांनाही आपोआप कळे.

ही चाकं तिच्या गाडीला बसवली होती सयाजी निकमने. कऱ्हाडला त्याचं गॅरेज होतं. रुतलेली गाडी तारेने ओढून काढायला विंच, छतावरची जाळी, पाण्याची टाकी, चिखलात रुतल्यावर चाकाखाली घालायच्या फळ्या, आडवाटेच्या गाडीला जे जे लागतं ते सारं तो बसवून देई, आणि जे लागत नाही ते मागणाऱ्या हौशी गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावूनच परत पाठवी. पहिली जुनी जीप त्या दोघांनी मिळून उभी केली होती. लोकांनी त्यांचं लग्न लावायचे प्रयत्नही करून पाहिले आणि शेवटी कंटाळून सोडून दिले. त्यांच्यात एकच नियम होता, आधी पाय, मग चाक. अवघड जागी एकाने पुढे पायी चालायचं आणि दुसऱ्याने त्याच्या हाताकडे बघत गाडी हाकायची. पंजा उभा राहिला की थांबायचं. का, ते विचारायचं नाही. सयाजीच्या त्या पंजाने केतकीला दोनदा दरीतून परत आणलं होतं.

खिंडीच्या वर, तीन तासांच्या वाटेवर, जानू येडगेंचा धनगरवाडा होता. अकरा घरं, शंभरेक म्हशी आणि भर वैशाखातही न आटणारा एक झरा. केतकी वर्षातून चार वेळा मीठ, पेंड आणि औषधं घेऊन तिकडे जाई. पहिल्याच खेपेला जानूमामांनी तिच्याकडून शब्द घेतला होता की ही वाट आणि हे पाणी नकाशावर जायचं नाही. आजवर गेलंही नव्हतं. खिंडीखाली ती फोन बंद करी, गाडीची ठिकाण सांगणारी यंत्रणाही बंद करी.

चाकं बसवताना तिने सयाजीला हेच विचारलं होतं.

“अगं, चाक शिकतं ते जमिनीची जात,” तो म्हणाला होता. “ठिकाण नाही. तू ठिकाण बंद केलंस की विषय संपला.”

तिने पुन्हा विचारलं नाही. पंजा उभा राहिल्यावर कारण विचारायचं नसतं, तसंच.

त्या दिवशी ती वर पोचली तेव्हा जानूमामा गाडीचा आवाज ऐकून समोर आले नाहीत. झऱ्याभोवती तांबड्या रंगाच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. मामा एका खुंटीशेजारी दगडावर बसून होते. त्यांनी ये म्हटलं नाही, ताकाचं विचारलं नाही.

“मामा, हे काय?”

“तीन मानसं आल्ती चालत. म्हनली, हितं बोर पाडायचं हाय. यवढं खोल, का खालचं समदं पानी वडून घील. खाली कुठं तरी यंत्रांचं घर बांधत्यात म्हनं, त्यास्नी गार ठेवाया.” त्यांनी बंडीतून घडी घातलेला एक कागद काढला. “ह्यो पडला त्यांचा. मला वाचाया येत न्हाई. तू वाच.”

कागदावर नकाशा होता. त्यात एक निळी रेघ सडकेपासून वर आली होती आणि झऱ्यापाशी थांबली होती. केतकीने रेघेवर बोट ठेवून ती वाट मनात चालून पाहिली. पिवळ्या मातीची घसरण, जांभळीचं वळण, आणि वाड्याच्या शिवेवर, वाघदेवाच्या दगडाभोवती, एक छोटंसं वर्तुळ.

तिचं बोट तिथेच राहिलं. म्हशी रानातून आणताना वाड्याची माणसं त्या दगडाला एक फेरी घालून मगच शिवेच्या आत येतात. केतकीही गाडीची एक फेरी घाले. सुरुवातीला मामा त्यावर पोटभर हसले होते आणि नंतर तिची वाट बघताना ‘देवाला वळसा घालून आली का’ असं विचारू लागले होते. पायी आलेली परकी माणसं असा वळसा घालत नाहीत. विमानातून काढलेल्या नकाशात तर तो दिसण्याचं कारणच नव्हतं. ही रेघ तिचीच होती.

“माझ्या गाडीनं सांगितलं, मामा,” ती कशीबशी म्हणाली. “मी नाही सांगितलं.”

जानूमामांनी गाडीकडे पाहिलं. “गाडी तुजीच न्हवं?”

एवढंच बोलून ते उठले. मिठाची पोती कुणी उतरून घेतली नाहीत. ती तशीच घेऊन ती परतली, आणि परतताना दगडाला वळसा घालायची तिला लाज वाटली.

सयाजी एका नव्या गाडीच्या पुढच्या पट्टीवर विंच बसवत होता. तिने कागद त्याच्यासमोर धरला. त्याने तो पाहिला आणि हातातला पाना खाली ठेवला. नाही म्हणायचा प्रयत्नही त्याने केला नाही, आणि केतकीला त्याचाच जास्त संताप आला.

“चाकाचे फेरे मोजले आणि वळणांचे कोन जोडले की वाट काढता येते,” तो म्हणाला. “चाकांच्या कंपनीकडे ही सगळी माहिती जाते, आणि खालचं ते यंत्रांचं घरही त्यांचंच. ओलाव्याचे आकडे बघून त्यांनीच मला विचारलं की ही गाडी कुणाची.”

“आणि तू सांगितलंस.”

“केतकी, आज ना उद्या त्यांना कळणारच होतं. त्यांच्या सगळ्या गाड्या आता हीच चाकं घालून मी सजवतोय. गुरुवारी बोरचं यंत्र वर न्यायचंय, तेही मीच नेणार. दुसऱ्या कुणी नेलं तर रान तुडवत नेईल.”

“चाकं बसवताना माहीत होतं तुला?”

त्याने पाना पुन्हा उचलला. “होतं.”

बावीस वर्षं ज्याच्या हाताकडे बघून तिने निर्धास्त गाडी घातली, त्याच माणसाचा तो आवाज होता. ओरडावं, रडावं असं तिला काही वाटलं नाही. आपण मूर्ख ठरलो आहोत एवढंच तिला लख्ख कळलं, आणि ते फार झोंबलं.

गुरुवारला पाच दिवस होते. बोरचं यंत्र वर जायला ती एकच वाट होती, आणि त्या वाटेवर पिवळी घसरण लागे. झऱ्याचं पाणी तिथे मातीखालून पाझरे. वरून पापुद्रा वाळलेला दिसला तरी आत शाडू लोण्यासारखा मऊ असे. डाव्या अंगाला ओढ्याचं खोल पात्र होतं. केतकी तिथून जाताना नेहमी गाडीतून उतरून वरच्या बाजूने दगड रचत जाई. चाकंही त्या जागी न चुकता तांबडा पट्टा दाखवत.

चाकांना जमीन कळे, दोर मात्र कळत नसे. तिने विंचची तार घसरणीच्या वरच्या टोकाला असलेल्या ऐनाच्या झाडाच्या बुंध्याला पट्टा घालून अडकवली, ताणून धरली आणि तांबड्या पट्ट्याचं न ऐकता गाडी सरळ शाडूत घातली. तार गाडीला धरून होती. चाकांना वाटलं, मातीनेच धरलं. मागे येऊन तिने पुन्हा तेच केलं. दुपारच्या उन्हात, घामाने डोळे चुरचुरत असताना, एका दिवसात अकरा वेळा. दुसऱ्या दिवशी तांबड्याचा पिवळा झाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पडद्यावर स्वच्छ हिरवा पट्टा उमटला.

इथला हा हिरवा पट्टा यंत्राच्या गाडीलाही दिसावा, ती घसरावी, यंत्र ओढ्यात पडून मोडावं आणि परत कुणी इकडे फिरकू नये, एवढंच तिने ठरवलं होतं. यंत्राच्या गाडीत माणूस बसलेला असतो, हा विचार तिने तीन दिवस दाराबाहेर उभा ठेवला.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास ती ऐनाखाली येऊन उभी राहिली. खालून मोठ्या इंजिनाचा घोगरा आवाज येत होता. मग वळणावरून यंत्राची अवजड गाडी दिसली. सुकाणूवर सयाजी एकटाच होता. पुढे पायी चालणारं कुणी नव्हतं, त्याची गरजही उरली नव्हती. घसरणीच्या तोंडाशी चाकांनी सुस्कारे टाकले. सयाजीने पडद्याकडे पाहिलं. पट्टा हिरवा असणार, हे केतकीला ठाऊक होतं.

आणि तरीही तो थांबला. मान वर करून त्याने काचेतून तिच्याकडे पाहिलं. आपण या बाईला फसवलं आहे हे पुरतं माहीत असूनही, बावीस वर्षांच्या सवयीने, तो तिच्या हाताची वाट बघत होता.

तिचा पंजा उभा राहिला. तिने तो उभा केला की तो आपणच उभा राहिला, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही.

इंजिन बंद झालं. सयाजी उतरला, चार पावलं पुढे आला, त्याने टाच रोवून दाबली आणि पाय घोट्यापर्यंत आत गेला. तो वाकून मातीकडे बघत राहिला. मग त्याची नजर ऐनाच्या बुंध्यावर गेली. तिथे पट्ट्याने साल घासून पांढरा वण पडला होता. तो तिच्याइतकाच जुना खेळाडू होता, त्याला सांगावं लागलं नाही.

“किती वेळा केलंस?” त्याने विचारलं.

“तीस-बत्तीस वेळा.”

“मला मारणार होतीस?”

“माहीत नाही,” केतकी म्हणाली, आणि ते खरं होतं. “तू काय केलंस ते तरी तुला माहीत होतं.”

तो चिखलातच बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण तो मरणातून वाचलेल्या माणसाचा चेहरा नव्हता. तो काहीतरी मोजत होता.

“यंत्र मी खाली नेतो,” तो म्हणाला. “नंतर ते दुसऱ्याला पाठवतील, काय करायचं ते बघू. पण केतकी, तू हे याच एका जागेपुरतं शिकवलंस, असं समजतेस?”

“म्हणजे?”

“चाकं बसवताना तुला काय म्हणालो होतो मी?”

चाक शिकतं ते जमिनीची जात, ठिकाण नाही. त्या वाक्यातलं निम्मं खोटं निघालं, म्हणून तिने उरलेलं निम्मंही खोटं धरलं होतं. ते मात्र खरं होतं. तिच्या चाकांनी ही घसरण हिरवी ठरवली नव्हती. त्यांनी वाळक्या पापुद्र्याखालचा ओला शाडू हिरवा ठरवला होता, जगात तो जिथे जिथे असेल तिथला.

सयाजी उठला, तिला यंत्राच्या गाडीपाशी नेऊन त्याने आतला पडदा तिच्याकडे वळवला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ओळ होती: नवा धडा पोचला, गाड्या नऊ हजार चारशे बारा. ती वाचत असतानाच बाराचे तेरा झाले.

“परत घेता येतो?” तिने विचारलं.

“तांबडं करायला पुन्हा तितक्याच वेळा घसरावं लागेल. या वेळी तारेशिवाय.”

ऊन चढत होतं. वरून जानूमामांच्या म्हशींच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. झरा आजच्यापुरता वाचला होता. केतकी त्या आकड्याकडे बघत राहिली. कुठल्या तरी डोंगरात, कुठल्या तरी उतारावर, या घटकेला कुणी तरी हिरवा पट्टा बघून निर्धास्तपणे गाडी पुढे घालत असेल. तिथे पंजा उभा करायला कोण असणार होतं?