प्रभूची भाकर

वाळव्याकडच्या त्या गावात ख्रिस्ती घरं होती सगळी मिळून नऊ, आणि चर्च म्हणजे शेणानं सारवलेली एक कौलारू खोली. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं प्रभुभोजन व्हायचं; पाळक प्रभूच्या नावानं पाव मोडून मंडळीला वाटायचे. लढाईमुळे गहू दिसेनासा झाला, तेव्हापासून पावाऐवजी जोंधळ्याची भाकर आली. ती भाजायचा मान मनुबाईचा. तिच्याइतकी काटेकोर बाई शोधून सापडली नसती. आंघोळीशिवाय पिठाला हात नाही, भाजताना तोंडातून शब्द नाही, आणि भाकर तव्यावरून उतरली की ती प्रभूची.

त्या काटेकोरपणानंच तिचा घात केला. तिचा एकुलता एक नाथा वीस वर्षांचा झाला तरी लहानपणची खोड गेली नव्हती. गरम भाकरीची कड मोडायची, अर्धी आपण खायची, अर्धी आईच्या तोंडात घालायची. एका रविवारी पहाटे उसाच्या फडावरून भुकेला आला आणि सवयीनं त्याचा हात प्रभूच्या भाकरीवर गेला. मनुबाईनं हातावर उलथनं हाणलं.

"प्रभूच्या भाकरीला हात लावतोस? पुन्यांदा तोंड दावू नगंस मला!"

नाथानं मोडलेला तुकडा परातीत ठेवला आणि उंबरा ओलांडला. साताऱ्याला जाऊन तो पलटणीत भरती झाला, तिथून ब्रह्मदेशात गेला. पत्र एकही नाही. तो तुकडा मनुबाईला टाकवेना आणि गिळवेना. तिनं तो पत्र्याच्या डबीत घालून फळीवर ठेवला. मंडळीत रीत होती, तंटा मिटल्याशिवाय भोजनाला हात लावायचा नाही. म्हणून सगळ्यांसाठी भाकर भाजणारी बाई दोन वर्षं दारापाशी तशीच बसे.

चव्वेचाळीसच्या मे महिन्यात पाळक तात्याबांनी मेजावरचं फडकं उचललं, तर भाकरीची कड मोडलेली.

"उंदीर आसंल, बाई," शेजारची दगडाबाई म्हणाली.

उंदीर कुरतडतो. ही कड बोटांनी मोडलेली होती. जूनमध्ये मनुबाईनं भाकरीवर पातेलं पालथं घातलं, वर वरवंटा ठेवला. तरी कड गेलेलीच. जुलैत तिनं भाकर तव्यावरून थेट फडक्यात घेतली आणि चर्चपर्यंत मूठ सैल केली नाही. पाळकांनी फडकं सोडलं. कड तिथंच मोडलेली, तेवढीच. भाकर गार झाली होती, पण मोडलेल्या जागी पाळकांचं बोट भाजलं.

ऑगस्टात पलटणीचा कागद आला. तात्याबांनी तो ओसरीवर बसून वाचून दाखवला. नाथा एप्रिलपासून बेपत्ता होता.

 मनुबाई म्हणाली, "आवं पाळकसाहेब, प्रभूच्या भाकरीला त्येचा हात लागला व्हता. त्येचं पाप त्येच्या माथी ऱ्हाईल का वं?"

"पाप कसलं, मनुबाई? मेजावर प्रार्थना होईस्तोवर ती साधी भाकरच असते. भुकेल्यानं खाल्ली तर काय बिघडलं?"

"मग मी त्येला कशापायी हाकलला?"

पाळकांनी कागदाची घडी करून तिच्या हातात दिली.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मनुबाई चुलीपुढं बसली आणि भाजताना पहिल्यांदाच बोलली.

"नाथा, ये लेकरा. तोंड दाव मला. कड तुझीच हाय."

चुलीत लाकूड तडतडलं, एवढंच.

चर्चमध्ये फडकं उघडलं. भाकर अख्खी होती.

दगडाबाईनं सुटकेचा श्वास सोडला. मंडळींनी गीत उचललं. दारापाशी मनुबाई मात्र पदरात तोंड घालून रडली. बोलावलं, तर आला नाही.

घरी येऊन तिनं फळीवरची डबी काढली.

डबी गरम होती.

दोन वर्षांचा तो तुकडा दगडासारखा झाला असणार. तिनं झाकण काढलं. तुकडा मऊ होता, वाफाळत होता.

आणि अर्धाच उरला होता.

तिनं तो तोंडात घातला. वळून बघायचा धीर तिला झाला नाही. पाठीमागं, उंबऱ्यापाशी, तिच्याबरोबर कुणीतरी सावकाश चावत होतं.