खडकाखालची पावलं

तुम्ही हसाल, पण मी सहजासहजी कशावर विश्वास ठेवत नाही. कणकवलीच्या कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवतो. लोक ‘जीवाश्म सापडला’ म्हणून पिशव्या भरभरून दगड आणतात. त्यातले निम्मे घरी बसून कोरलेले असतात, त्यामुळे संशय माझ्या अंगात मुरलाय.

सेवरीनाबाई नावाच्या एका बाईंनी खडकात उमटलेली पावलं बघायला मालवणजवळच्या त्यांच्या गावी बोलावलं, तेव्हा मी हातोडी, छिन्नी आणि भिंग घेऊन निघालो तो लबाडी पकडायलाच. त्यांची मुलगी डेल्सी तीन वर्षांपूर्वी खडकावर कालवं काढायला गेली, ती आलीच नाही. शरीरही मिळालं नाही. फादर म्हणत होते, आता ती गेली असं धरून चर्चमध्ये तिच्या नावाची मीस, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, करून टाकू. बाई तयार होत नव्हत्या.

दुपारी ओहोटी पार खाली गेली होती. वाळू आणि शिंपले घट्ट होऊन बनलेला तो खडक हजारो वर्षांचा, लाटांनी झिजलेला. त्यात पावलं उमटली होती. अनवाणी, समुद्राकडे जाणारी. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

“डेल्सीची करंगळी ल्हानपणी इळ्यान तुटली, सर,” बाई म्हणाल्या. “ही तिचीच मां? तुमी नाय म्हटल्यात, तर मी रविवारी मीस घालतंय.”

मला वाटलं, दुःखाच्या भरात बाईंनीच कोरली असणार. नाहीतर कुणा होमस्टेवाल्यानं पर्यटकांसाठी. मी गुडघ्यावर बसून भिंग लावलं. छिन्नीचा एक ओरखडा नाही. कडा झिजून गोल झालेल्या, एका टाचेत चिकटलेलं कालवसुद्धा दगड झालेलं. तरी मन मानेना.

अशा वेळी आम्ही एकच परीक्षा करतो. वरचा थर जिथे अजून अखंड असेल, तिथे तो उचलून बघायचा. हजारो वर्षं बंद असलेल्या थराखाली कुणा लबाडाचा हात पोचत नाही. मी छिन्नी लावली आणि थर फोडला. तो फोडायला नको होता.

खालूनही पावलं निघाली. करंगळी नसलेली, आत्ताच उमटल्यासारखी रेखीव. पण ती गावाकडे येत होती.

“इली...” बाई पुटपुटल्या. “परत इली गो माझी बाय...”

आणि त्या घराकडे पळत सुटल्या. मी तिथेच थांबलो. फुटलेल्या थराखालून कुबट वास येत होता, बरेच दिवस बंद असलेल्या खोलीचा. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू?

तिन्हीसांजेला बाईंच्या घरी गेलो. ही पावलं फार जुनी, दुसऱ्याच कुणाची, तुम्ही मीस करा, एवढं सांगायचं ठरवलं होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. मी हाक मारली, तशा बाई खिडकीत आल्या. तोंडावर रक्त म्हणून नव्हतं.

“सर... तो दगड होतो तसो परत बसवूक येतलो...?”

“फुटला तो. का?”

“हळू बोला... ती आयकता...”

“बाई, तुम्ही आधी बाहेर या.”

त्या हलल्या नाहीत. दोन्ही हातांनी त्यांनी खिडकीचे गज घट्ट धरले होते. तेवढ्यात दाराची कडी आतून लागली.