गच्चीवरचा आवाज

सरकारी दवाखान्याच्या नव्या इमारतीवर मी सुरक्षा अधिकारी होते. काम कागदावर होतं तेव्हापासून माझं एकच रडगाणं होतं. गच्चीचा कठडा जेमतेम मांडीपर्यंत येतो, तो उंच करा. आर्किटेक्ट पेन्सिलीने कान खाजवत म्हणाले, “मॅडम, गच्चीवर जाणार कोण? उगाच इमारतीचा चेहरा बिघडतो.” ठेकेदार म्हणाला, नकाशात असेल ते बांधू. साहेब म्हणाले, पुढच्या टप्प्यात बघू. प्रत्येक टप्प्याला पुढचा टप्पा असतोच, हे मी तिथे शिकले.

बांधकाम सुरू झालं आणि ओरडणं हेच माझं काम होऊन बसलं. पट्टा अडकवा. हेल्मेट डोक्यात घाला, त्यात खिळे ठेवू नका. लोक माना डोलवायचे आणि माझी पाठ वळली की पुन्हा तेच. संध्याकाळी घरी आले की घसा बसलेला.

“अख्खी इमारत तुझ्या घशावर उभी करतायत का गं?” आई विचारायची.

एका दुपारी मी खालच्या ऑफिसात बसले होते. अचानक वरचे सगळे गवंडी धडाधडा उतरून आले, आणि पाठोपाठ बाहेरची परांची कोसळली. सिमेंटची धूळ खिडकीतून आत आली. मुकादम धापा टाकत दारात उभा राहिला.

“बरं झालं तुम्ही हाक मारलीत.”

“मी? मी इथून हललेलेसुद्धा नाही.”

“तुमचाच आवाज होता, मॅडम. ‘उतरा खाली’ म्हणालात. चिडल्यावर म्हणता ना, तसं.”

मला भीतीच्या आधी राग आला. मी घसा फोडून सांगते ते कोणी मनावर घेत नाही, आणि कोणा टवाळाने माझी नक्कल केली की सगळे धावत सुटतात. नक्कल करणारा शोधला. सापडला नाही.

मग हाका वारंवार येऊ लागल्या. हाक आली की काम थांबायचं, आणि तिथे खरोखरच काहीतरी निघायचं. कुठे उघडी तार, कुठे सरकायला आलेला विटांचा ढीग. काम सारखं अडतं म्हणून साहेब माझ्यावरच भडकायचे. मला स्वतःला मात्र ती हाक कधी ऐकू आली नाही.

आणि माझा घसा बसतच चालला. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, आत काही दोष नव्हता. भिंतींना रंग लागेपर्यंत मला कुजबुजताही येईना. मोबाइलवर लिहून मी साहेबांसमोर धरलं. कठडा. ते म्हणाले, “अहो, उद्घाटन तरी होऊ द्या.”

उद्घाटन झालं. भाषणं संपली आणि कोणाच्या तरी मनात आलं, सगळ्यांचा फोटो गच्चीवर काढू.

मी जिना धावत चढले. गच्चीच्या दारात मुकादम पाठमोरा उभा होता. त्याच्या पलीकडे डॉक्टर, नर्स, साहेब, आर्किटेक्ट, सगळी गर्दी उन्हात डोळे बारीक करून दाटीवाटीने उभी.

तेव्हा मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. माझाच. स्वच्छ, जराही न बसलेला.

मला हायसं वाटलं. आता ऐकतील.

“थोडं मागे सरका,” आवाज म्हणाला. “अजून. टेका ना कठड्याला, सगळे मावाल.”

लोक मागे सरकू लागले. साहेबांनी आर्किटेक्टच्या खांद्यावर हात टाकला.

मी मुकादमाचा दंड धरून गदागदा हलवला. तोंड उघडलं. नुसती हवा आली.

दंड कोणी धरलाय हे न बघताच तो हसून म्हणाला, “ऐकलंस? आज मॅडम चिडलेल्या नाहीत.”