भट्टीला टेकलेलं यंत्र

"हो, मी लबाडी केली होती," काचेमागची चौदा वर्षांची मुलगी म्हणाली. "मला माफ करा."

सहलीला आलेली शाळेची पोरं खिदळली. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या कुमुदिनी शिराळकरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण काचेमागची मुलगी म्हणजे त्याच होत्या. दोन वेण्या, कपाळावरची खोक, सगळं हुबेहूब. लबाडी तेवढी त्यांची नव्हती!

सांगलीच्या त्या खेळसंग्रहालयात जुनी व्हिडिओ गेमची यंत्रं नव्हती. ती केव्हाच भंगारात गेली होती. उरली होती त्यांची 'नक्कल'. नक्कल ही एक संगणकप्रणाली. मूळ यंत्र पडद्यावर जे दाखवी, ते पाहून तीही तेच दाखवते. आतल्या तारांशी तिला देणंघेणं नसतं. तिथं माणसांच्याही अशाच नकला होत्या, उपलब्ध माहितीवरून घडवलेल्या. आणि माहिती काय, तर 'गरुडदरवाजा' या खेळातलं शेवटचं दार नकलेत कुणालाच ओलांडता येत नाही. सबब ते दार ओलांडल्याचा शाळकरी कुमुदिनीचा विक्रम खोटा.

"जन्मभर गणित शिकवलं मी, कॉपी करणाऱ्यांचे कान उपटले," बाई तिथली शास्त्रज्ञ चारुता मिरजे हिच्यावर कडाडल्या. "आणि ही कार्टी माझ्या तोंडानं माफी मागते?"

"बाई, दार उघडलं कसं, ते तरी सांगा."

"व्हिडिओ गेम पार्लरची मागची भिंत बेकरीच्या भट्टीची होती. मालकाला जागा पुरेना, त्यानं यंत्र तिलाच टेकवलं. संध्याकाळी पाव भाजायला भट्टी पेटली की यंत्र तापायचं आणि दारावरचा पहारेकरी क्षणभर थिजायचा. यंत्राच्या पाठीला हात लावून मी वाट बघायचे."

चारुता विचारात पडली. तिनं यंत्राचे जुने आराखडे मिळवले आणि 'तारप्रतिकृती' बांधायला घेतली. नक्कल परिणामाची असते, तारप्रतिकृती कारणाची. तिच्यात प्रत्येक तार, प्रत्येक चिप गुणदोषांसकट उभी करतात. तापलेल्या चिपचा संदेश जरा उशिरा पोहोचतो. तो इथंही तसाच उशिरा पोहोचणार.

प्रतिकृती तयार झाली तेव्हा चारुतानं तिला मागून ऊब दिली. बाईंनी यंत्राच्या पाठीवर तळहात टेकवला, थांबल्या, आणि एकदम खेळाची दांडी डावीकडे हाणली. पहारेकरी थिजला. दार उघडलं.

संग्रहालयाच्या संचालकांनी ते पाहिलं, तोंड भरून कौतुकही केलं. मग म्हणाले, "पण नियमानं प्रमाण नक्कलच आहे, बाई. मूळ यंत्र सदोष होतं. दोषाचा फायदा घेणं ही लबाडीच की!"

"मूळ चुकीचं आणि नक्कल बरोबर?" बाईंचा आवाज चढला. "चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही! लाज कशी वाटत नाही?"

संचालक नुसते हसले. चारुतानं प्रतिकृतीचं बटण बंद केलं. तिलाही तिथंच नोकरी करायची होती.

बाई तरातरा काचेपाशी गेल्या. तिथं दुसऱ्या शाळेची पोरं जमली होती. "अगं, तू तरी सांग यांना!" त्या काचेमागच्या स्वतःलाच म्हणाल्या. "भट्टी पेटली की यंत्र तापायचं, तो थिजायचा... आठवतंय ना?"

मुलीनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. पोरंही कोण काय बोलतंय ते बघू लागली.

"आजी, तिथं भट्टी नव्हती," मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली. "मी तिथं होते ना."