बेचाळीस बाकांची गाडी

"ही शिवण कुण्या आंधळ्यानं घातलीय?" मी जरा मोठ्यानंच विचारलं.

बाकाखालून एक पांढरं डोकं बाहेर आलं. "आंधळ्यानं नाही हो, मीच घातली. चष्मा लावून."

सुनेच्या हट्टापायी जुन्या गाड्यांच्या संग्रहालयात गेले होते. पाय भरून आले म्हणून भुयारी रेल्वेच्या एका डब्यात टेकले, तर हे! चाळीस वर्षं गाद्या-बैठका शिवून मी घर उभं केलं. वाकडा टाका दिसला की जीभ आवरत नाही.

"सरका. दाभण द्या इकडे."

"पाहुण्यांनी हात लावायचा नाही, बाई."

"तुम्हाला ज्यानं लावू दिला, त्याचे डोळे तपासा आधी."

ते हसले... देताना बोटाला बोट लागलं, जरासंच. घरी येईपर्यंत मी ते बोट मुठीत धरून होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी!

ते निवृत्त मोटरमन. हीच गाडी त्यांनी सत्तावीस वर्षं चालवली, आणि आता तिचं एकेक हाड जागेवर बसवत होते. दुसऱ्या दिवसापासून मी तिथे बाक शिवायच्या कामाला राहिले. जुना काथ्या पिंजायचा, पुन्हा भरायचा, वर हिरवं कापड ताणायचं. मी शिवायची, ते समोर धरायचे दांडे पुसत उभे. एकच दांडा तासभर.

"झिजेल तो," मी म्हणायची.

"झिजू दे की. इथून बरं दिसतं."

"काय दिसतं?"

"...शिवण."

रविवारी संग्रहालयाचं काम बंद. रविवार मला खायला उठायचा. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की वाटायचं, तिकडे त्यांच्या घरीही वाजत असेल, ते एकटेच ऐकत असतील. सासरी आल्यापासून मी कुणाची वाट पाहिली नव्हती, लोक माझी पाहायचे. नवरा गेला त्याला अकरा वर्षं झाली, तो होता तेव्हासुद्धा जेवायला माझ्यासाठी थांबायचा.

पूर्वी दिवसाला चार बाक उरकणारी मी, एकावर दोन-दोन दिवस काढायला लागले.

"आई," सून म्हणाली, "हल्लीचे बाक फारच लांब दिसतात."

"तुझी जीभ त्याहून लांब आहे. भात बघ."

पण बाक बेचाळीसच होते. ते पुरे झाले की दाराला दोरी लागणार, माणसं बाहेरूनच बघणार. मला गाडीच्या शेडमध्ये पाऊल टाकायला कारण उरणार नव्हतं. त्यांनी एक शब्द काढला असता तर! आणि मी काढेन? मी? पाणीसुद्धा मी कधी मागून प्याले नाही.

बेचाळिसाव्या बाकाची गाठ मारली त्या दुपारी ते म्हणाले, "दोरी लागण्याआधी एकदा चालवून बघायचीय. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बसता?"

बसले. एकटीच, एवढ्या मोठ्या डब्यात. गाडी हलली. काचेपलीकडे त्यांची पाठ दिसत होती, ताठ, जुना गणवेश घातलेली. वाटलं, हाक मारावी... पण हाक मारायची तर नाव घ्यावं लागणार, आणि ते मी अजून मनातसुद्धा नीट घेतलं नव्हतं.

शंभर पावलांत भिंत आली. दारं उघडली. ते केबिनमधून बाहेर येऊन दाराशी उभे राहिले, टोपी हातात घेऊन.

"शेवटचं स्टेशन," हळूच म्हणाले. "उतरायचं आता."

मी मांडीवरच्या पदराची घडी सारखी केली. पुन्हा सारखी केली.

"नाही उतरले तर?"

"बाई, डबा रिकामा झाल्याशिवाय मोटरमनला जाता येत नाही. आमचा नियमच आहे तसा."

सासऱ्यापुढे, सावकारापुढे, तीन-तीन मुलांच्या बापाच्या चितेपुढे माझा आवाज कधी कापला नव्हता. आता कापला.

"मग... नका ना जाऊ."

पुसायला हातात फडकं नव्हतं, म्हणून ते टोपीच पिळत राहिले.

"वारा येतोय आत," शेवटी म्हणाले. "दारं लावून घेऊ?"

"विचारता काय?" मी म्हटलं आणि बाकावर थोडी सरकले. "लावा."